लोकलचा 'खरा' वेग कुठला? रुळावरचा की बाजूच्या गाडीतून दिसतो तो?

चौथी_सीट:
दादर ते कुर्ला फास्ट आणि स्लो शेजारीशेजारी धावतात तेव्हा बघा. आपली ८० ने, बाजूची ६० ने, तर ती इतकी सावकाश मागे सरकते की तिच्या दारातल्या माणसाच्या आयकार्डवरचा फोटोपण बघून होतो. तीच समोरून आली की धडाधड गायब. बारा डब्यांची गाडी २६० मीटर धरा, एकाच दिशेने असताना पूर्ण मागे टाकायला दीडेक मिनिट, समोरून आली तर १३ सेकंद. शाळेत आपल्याला फक्त वजाबाकी कधी आणि बेरीज कधी ते घोकायला लावलं. माझं मत असं की 'खरा वेग' असं काही नसतंच, कशाच्या मानाने ते सांगितल्याशिवाय आकडा अर्धाच.

बदलापूरकर:
उगाच फिलॉसॉफी. मोटरमनच्या समोर मीटरवर ८० दिसतोय तोच खरा, बाकी डोळ्यांचा भास. आपली गाडी उभी असताना बाजूची सुटली की आपणच मागे चाललोय असं वाटतं ना? नुसतं वाटतं. खांब बघितला की कळतं कोण हललं ते.

चौथी_सीट:
खांब बघितलास म्हणजे तू फक्त माप घ्यायची जागा बदललीस. पृथ्वी फिरते, आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे तुझा तो खांब तासाला साधारण १५८० किमीने पूर्वेला पळतोय. आर्यभटाने सन ४९९ मध्येच लिहून ठेवलंय, नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात तसेच तारे पश्चिमेला जाताना दिसतात.

बदलापूरकर:
अरे मग तुझा आर्यभटच 'स्थिर' म्हणतोय की 😄 काठ उभा, नाव चालती. ठरवलंच ना त्याने कोण हलतंय ते?

शिकवणीवाली_ठाणे:
दोघंही अर्धंच बोलताय. गाडी एकसारख्या वेगाने सरळ चालली असेल आणि खिडक्या बंद असतील तर आत काहीही करून बघा, चालतोय का उभे आहोत ते कळणार नाही. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच सांगितलं, थेंब सरळ खालच्याच भांड्यात पडतो, माशा चारी दिशांना सारख्याच उडतात. पण ब्रेक लागला की अख्खा डबा पुढे कलंडतो, तिथे बाहेर बघायची गरजच नाही. फिरण्याचंही तसंच, फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसला लंबक टांगून, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते त्यावरून, आकाशाकडे न बघता पृथ्वी फिरते हे दाखवलं. त्यामुळे चौथी_सीट, १५८० चं उदाहरण तू चुकीच्या ठिकाणी वापरलंस. एकसारख्या सरळ वेगाला तुझा नियम चालतो, वेग किंवा दिशा बदलली की नाही.

नायगाव_लोकल:
मला फिजिक्स येत नाही पण आमच्या खाडीपुलावरून लोकं चालत्या गाडीतून निर्माल्याचे नारळ फेकतात (कृपया बंद करा रे हे). फेकणाऱ्याला वाटतं हळूच सोडला, पुलाच्या कडेने चालणाऱ्याच्या डोक्यात तो ८० ने येतो. त्याला सांगून बघा खरा वेग नसतो म्हणून.

बदलापूरकर:
हेच म्हणतोय! जमिनीवरचा वेग खरा, तोच लागतो.

चौथी_सीट:
लागतो कारण ते डोकं जमिनीवर आहे. शेजारच्या रुळावर तेवढ्याच वेगाने त्याच दिशेने जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला तोच नारळ लागला तर कॅच सुटलेल्या टेनिस बॉलइतका लागेल. नारळ एकच, मार वेगळा. म्हणजे मारसुद्धा दोघांमधल्या वेगाचाच, मीटरवरच्या ८० चा नाही.

बदलापूरकर:
ठीके, नारळ तुझा. पण टाइमटेबल जमिनीच्या वेगावरच बनतं, ठाण्याला कधी पोचणार ते बाजूच्या गाडीला कोणी विचारत नाही.

चौथी_सीट:
कारण ठाणं जमिनीला चिकटलेलं आहे बाबा. सकाळपासून दुसरं काय सांगतोय!