फरशी फोडायच्या आधी (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

शनिवार

३०२: नमस्कार. आमच्या टॉयलेटच्या छतातून पाणी टपकतंय. आधी नुसती ओल होती, आता थेंब पडतायत. ४०२, प्लीज बघून घ्या.

४०२: ताई, आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे. हवं तर वर येऊन बघा.

३०२: वरून कोरडीच दिसणार हो. पाणी खाली येतंय म्हणून तर लिहिलं.

२०१: माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. फरशी फोडून सगळं वॉटरप्रूफिंग नव्याने करून देतो. नंबर टाकू?

१०४: नंबर राहू दे जरा. ३०२, पाणी दिवसभर सारखं टपकतं की ठरावीक वेळेला?

३०२: काका, सकाळी जास्त. दुपारी जवळजवळ बंद. रात्री पुन्हा थोडं.

१०४: मग नळाच्या लाइनची शक्यता कमी. त्या लाइनमध्ये चोवीस तास दाब असतो. ती गळली तर कोणी वापरो न वापरो, टपकतच राहतं. वापराच्या वेळेलाच पाणी येतंय म्हणजे एकतर कमोडचा खालचा जोड, नाहीतर नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायची जाळी), नाहीतर टाइल्सच्या फटी. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, आणि फोडाफोड सगळ्यात शेवटची.

२०१: पण काका, वॉटरप्रूफिंग केलं की तिन्ही एकदम मिटतील ना?

१०४: नाही. कमोडचा जोड गळत असेल तर वरून कितीही कोटिंग मारा, मैलापाणी त्याच्या खालून स्लॅबमध्ये मुरणारच. फरशीचे पैसे गेले आणि टपकणं तसंच, असं होतं.

४०२: मग मी काय करू ते सांगा. आमच्या घरी सगळे मलाच बोलतायत.

१०४: उद्या रविवार आहे, दोघं घरी आहात. ४०२, सकाळी कोणी आंघोळ करायच्या आत, फरशी पूर्ण कोरडी असताना, फक्त फ्लश करा. पाच-सहा वेळा, टाकी भरू देत देत. फरशीवर थेंबही सांडू नका. ३०२ ने खालून बघायचं. नंतर दोनेक तास जाऊ द्या, कारण स्लॅबमध्ये अडकलेलं पाणी मागाहून टपकतं आणि फसवतं. मग फ्लश न करता फरशीवर बादलीभर पाणी नहाणीकडे ओता. कशाने टपकतं ते कळेल. दोन्ही एकदम केलंत तर काहीच कळणार नाही.

आणखी एक. टाकीचा तळ, नट, अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ), कनेक्शन पाइप यांना कोरडा टिश्यू लावून बघा. डोळ्यांना न दिसणारी ओल टिश्यूला कळते. टाकीवर सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर तो दमट हवेचा घाम, गळती नव्हे.

४०२: आणि पाणी बंद करायचं झालं तर? अँगल कॉक कित्येक वर्षांत कोणी फिरवलेला नाही.

१०४: मग पाना लावून जोर करू नका. हाताने फिरला तर ठीक, नाहीतर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करू. जुना कॉक मोडला तर नवीनच विषय सुरू होईल.

सेक्रेटरी: ३०२, छतातल्या दिव्याजवळ पाणी येत असेल तर त्या दिव्याचा एमसीबी पाडून ठेवा. प्लंबर येईपर्यंत टॉर्च वापरा.

रविवार

३०२: फ्लशने टपकलं! तिसऱ्या फ्लशनंतर सुरू झालं. फरशीवर पाणी ओतलं तेव्हा काही नाही.

४०२: टिश्यू सगळीकडे कोरडा. पण काका, कमोडवर हात ठेवून दाबलं तर किंचित हलतोय. मागे कोणीतरी कडेने पांढरं सिलिकॉन भरलेलं दिसतंय.

१०४: मग बहुतेक तेच. कमोड डुलत राहिला की खालच्या पाइपशी असलेल्या जोडाचं सील निसटतं. आणि कडेने चारही बाजूंनी सिलिकॉन भरलं की पाणी बाहेर दिसायचं बंद होतं आणि थेट खाली जातं. गळती लपवायचा सगळ्यात सोपा उपाय आहे तो, बंद करायचा नाही.

प्लंबरला सांगा: कमोड काढून सील नवीन घाल, पाइपचं तोंड फुटलंय का बघ, बोल्ट आलटून पालटून बेताने आवळ. एकाच बाजूने ताणले तर सिरॅमिकला चीर जाते. बसवल्यावर सिलिकॉनच्या आधी फ्लश करून खाली टपकत नाही ना ते बघा. मग सिलिकॉन, आणि तेही मागच्या बाजूला थोडी फट ठेवून, म्हणजे पुढे कधी गळलं तर आधी तुम्हाला दिसेल. त्यानंतर निदान २४ तास वापर नको.

४०१: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या फ्लशच्या टाकीतून सारखा सूंऽऽ आवाज येतो. बाहेर गळत काही नाही.

१०४: बाहेर नाही, आत गळतंय. आधी टाकीचं झाकण काढून बघा, पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या) तोंडापर्यंत आलंय का. आलं असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली घ्या, पाणी त्या तोंडाच्या इंचभर खाली थांबलं पाहिजे. तरीही भरतच राहिलं तर वरचा भरायचा व्हॉल्व्ह बदला. पाणी त्या तोंडाच्या खालीच असेल तर टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं पाणी उतरलं तर तळाचा रबरी वॉशर गेला. आणि टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर बंद करा, रबर लवकर कडक होतं.

४०१: वापरते 🙈 झाकण काढलं की कळवते.

४०२: प्लंबर उद्या सकाळी येतोय. तोवर आम्ही दुसरं टॉयलेट वापरतो. ३०२ ताई, खाली प्लास्टिक अंथरून ठेवा, कमोड काढताना थोडं पाणी येईल. पुसताना हातमोजे घाला.

३०२: हो. आणि छताचा रंग?

१०४: घाई नको. स्लॅब वाळायला काही आठवडे लागतात. ओलावर रंग दिलात तर पुन्हा पापुद्रे निघतील.

३०२: कधी लावायचा ते नाही विचारलं काका. कोणी लावायचा ते विचारतेय.

४०२: ताई, संध्याकाळी खाली येतो. बसून बोलू.