मी हिंदू, ती कॅथलिक. तिच्या चर्चमधे लग्न लागेल का? (मालवण-वसई, बजेट २ लाख)

बांगडा_मसाला
नमस्कार मंडळी. मी मालवणचा, बाबांची होडी आहे, मी स्वतः पुण्यात नोकरीला. ती वसईची, कॅथलिक, गेली ४ वर्षं पुण्यातच भाड्याने राहते. दोन्हीकडचे तयार आहेत (तिची आजी सोडून, पण हल्ली ती पण माझ्याशी बोलते). तिला लहानपणापासून गावच्या चर्चमधेच लग्न करायचंय आणि तारीख पण तिनेच काढलीय, १४ फेब्रुवारी २०२७, रविवार आहे म्हणजे कुणाला सुट्टी टाकायला नको. मी धर्म बदलणार नाही आणि तिनेही कधी तसं म्हटलेलं नाही. तर मी चालतो का चर्चला, काय कागद लागतात, माझा भाऊ साक्षीदार राहू शकतो का, आणि ती पुण्यात राहते म्हणून काही अडतं का? गणपतीत गावी गेलो तेव्हा येताना वसईला उतरून तिचा बाप्तिस्म्याचा दाखला तेवढा काढून आणलाय. बजेट दोन्हीकडचं मिळून २ लाख. हॉल आणि जेवण सुचवू नका प्लीज.

निर्मळची_जत्रा
अभिनंदन! लागतं रे लग्न, बिनधास्त. माझ्या चुलतबहिणीचा नवरा साताऱ्याचा मराठा, काही प्रॉब्लेम आला नाही. हॉल मात्र आत्ताच धर, फेब्रुवारीत वसईत हॉल मिळत नाही, आम्ही अडीच लाखाला घेतला होता फक्त हॉल, वर ब्रास बँड वेगळा. जेवणात फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (व्हिनेगरमधलं तिखट मटण) ठेव, साताऱ्याची मंडळी अजून नाव काढतात.

काजूबोंडू
धर्म बदलावाच लागतो. माझ्या वेंगुर्ल्याच्या मित्राला बदलावा लागला. लोक इथे गोड बोलतात, नंतर फादर अट घालतात.

बांगडा_मसाला
@निर्मळची_जत्रा हॉलच अडीच लाख म्हणजे माझं लग्न हॉलच्या गेटवरच संपलं 😅

पापडीचा_पाव
@काजूबोंडू तुमच्या मित्राने बदलला असेल तर त्याच्या मर्जीने, अट नसते. मी स्वतः १२ वर्षांपूर्वी हिंदू मुलीशी आमच्या चर्चमधे लग्न केलंय, ती आजही संकष्टी करते. नीट सांगतो. एक बाजू कॅथलिक आणि दुसरी बाप्तिस्मा न झालेली असेल तर ती चर्चच्या कायद्यात अडचण धरतात, पण बिशप त्यातून सूट देऊ शकतात, तिला डिस्पेन्सेशन म्हणतात. अर्ज तुम्ही नाही, फादर पाठवतात बिशप हाऊसला. सूट न घेता लग्न लावलं तर चर्चच्या लेखी ते लग्नच नाही, म्हणून हा कागद सगळ्यात महत्त्वाचा आणि वेळ खाणारा पण हाच. तिला वचन द्यावं लागतं की ती आपला विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करेल. वचन तिचं, तुझं नाही, पण तिने ते दिलंय हे तुला माहीत असलं पाहिजे. हे घरी आत्ताच बोलून घ्या. आम्ही बोललो नव्हतो, मग मुलीच्या बारशाला जे झालं ते इथे लिहीत नाही.
बायकोचं आधी लग्न झालेलं नाही याची खात्री म्हणून तिच्याकडच्या दोघांचा लेखी जबाब घेतला होता, तुझ्याकडेही काहीतरी मागतील. साक्षीदार दोन लागतात, कुठल्याही धर्माचे चालतात.

सोपारा_लोकल
साक्षीदार कॅथलिकच लागतो. आमच्याकडे बेस्टमॅनला फादरनी नको म्हटलं.

पापडीचा_पाव
तो पिऊन आला असेल.

सोपारा_लोकल
😂 ते पण खरंय म्हणा.

म्हापशाचो_पाव
एवढं कशाला डोकं लावता. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जा, दोघांनी सही करायची, मग साधारण १५ दिवसांनी परत जाऊन दुसरी सही, मग तो कागद घेऊन चर्चला. आमच्याकडे आधी सिव्हिल केल्याशिवाय फादर उभं करत नाहीत.

पापडीचा_पाव
ते गोव्यात हो, तुमच्याकडे पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा चालतो. महाराष्ट्रात १८७२ चा ख्रिश्चन विवाह कायदा, दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी लागू होतो, फादर लग्न लावतात आणि तिथेच नोंद होते. आता हा बिचारा कणकवलीला रजिस्ट्रारला गाठून दुसऱ्या सहीची तारीख मागत बसेल.

म्हापशाचो_पाव
आमचाच कायदा बरा मग, एकदा सही केली की कुणी विचारत नाही.

शेंगदाणा_वकील
माहितीसाठी: चर्चच्या स्वतःच्या कायद्यात मुलगा १६ आणि मुलगी १४ एवढंच किमान वय आहे 😀 पण आपल्याकडे देशाचा कायदा, २१ आणि १८. आणि बरेच जण म्हणतात चर्चनंतर देवळात पण लावू, ते लावा, फोटो छान येतात, पण हिंदू विवाह कायदा १९५५ चा दोघंही हिंदू असतील तरच, म्हणून देवळातली पावती दाखवून सर्टिफिकेट मागायला जाऊ नका. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट हा दुसरा रस्ता, तिथे ३० दिवसांची नोटीस लागते. माझं मत विचाराल तर सरळ स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, चर्चची भानगडच नको.

बांगडा_मसाला
तिला चर्चच हवंय, नुसतं रजिस्टर करायचं असतं तर हा धागा काढलाच नसता.

तारकर्लीचो_झिलगो
रे मेल्या, तुका लगीन करुचा आसा की परीक्षा देवची आसा? पण वराडात माका बोलावशीत मां?

जुईली_वसई
मी थोडं रडून घेते. आमच्या लग्नाला दाखला जुना निघाला. बाप्तिस्म्याचा दाखला लग्नाच्या आधी ६ महिन्यांच्या आतला लागतो, कारण त्याच्या कडेला आधी लग्न झालंय का वगैरे शेरा असतो, जुना कागद काही कामाचा नाही. माझा ८ महिन्यांचा होता. परत गावी गेले तर ऑफिस बंद, परत गेले तर रजिस्टरमधे माझ्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि आधारवर वेगळं. तिसऱ्या खेपेला दाखला हातात आला. दृढीकरणाचा (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतरचा विधी) दाखला पण लागला, तो आईने बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता. आणि विवाहपूर्व कोर्स दोघांनाही करावा लागतो, हिंदू असला तरी, त्याच्या तारखा आधीच भरतात. माझा नवरा तिथे जेवणाच्या सुट्टीत झोपला होता.

निर्मळची_जत्रा
कोर्स करावाच लागतो आणि दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, हे विसरू नको.

काजूबोंडू
बघा, केवढ्या अटी. मी म्हटलं होतं.

दादूस_पुणे
ती पुण्यात राहते त्याचं कुणीच बोललं नाही. एका जागी महिनाभर राहिलं तरी तिथल्या पॅरिशला (म्हणजे त्या भागाच्या चर्चला) लग्न लावता येतं, म्हणजे पुण्यातही होईल. आईबापाचं घर वसईला आहे तर तिथेही होईलच, फक्त दोन्हीकडे रविवारच्या मिस्साला (प्रार्थनेला) नावं पुकारतात, तीन रविवार. मालवणच्या चर्चला हवं असेल तर तिच्या फादरांकडून परवानगीचं पत्र न्यायचं. दोघंही पुण्यात आहात तर लग्नही पुण्यातच उरका, स्वस्त पडेल.

जुईली_वसई
थांबा थांबा. १४ फेब्रुवारी?? २०२७ ला ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार (त्या दिवशी उपास सुरू होतात) १० फेब्रुवारी. १४ ला लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळातला पहिला रविवार!! कुणी बघितलं नाही का?

पापडीचा_पाव
बाप रे. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि तारीखच बघितली नाही. लेंटमधे आमच्याकडे लग्नं लावत नाहीत.

सोपारा_लोकल
कायद्याने बंदी नाहीये, माझ्या मामाचं लेंटमधेच झालं.

जुईली_वसई
तुमच्या मामाचं झालं असेल, फुलं नाहीत, ऑर्गन नाही, आणि जेवणात सुकट.

निर्मळची_जत्रा
३० जानेवारीला कर, शनिवार आहे. हॉल मी विचारून देतो, थोडं कमी करतील.

शेंगदाणा_वकील
किंवा ईस्टर संपल्यावर, एप्रिलमधे. पण मे-जून अजिबात नको. मे मधे घाम, जूनमधे पाऊस, लोक येत नाहीत.

तारकर्लीचो_झिलगो
जानेवारीतच कर रे, थंडी आसता, सगळे येतत.

बांगडा_मसाला
सगळ्यांचे आभार. तारीख तिला सांगितली तर अर्धा तास बोलली नाही, मग म्हणाली लेंट आहे हे तिच्या आईला तरी कळायला हवं होतं.
ठरलं असं की ५ जून, शनिवार. माहितीये, तुम्ही सगळे नको म्हणालात. पण जानेवारी ते मे बाबा समुद्रात असतात, तेवढ्यातच वर्षाचे पैसे निघतात. १ जूनला मासेमारीबंदी लागते, होडी वर येते, तेव्हा ते आणि सगळे काका मोकळे असतात. बाबा नसताना चर्चमधे उभं राहायचं नाही मला. रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल ५ तारखेपर्यंत लागत नाही, कुडाळवरून गाडीने आणतो सगळ्यांना. आणि @निर्मळची_जत्रा, तुमचा तो अडीच लाखाचा हॉल जूनमधे अर्ध्या किमतीत मिळतोय, तरी आम्ही घेत नाही, चर्चच्या बाजूच्या शाळेचा मोठा वर्ग बघतोय.
तिच्या फादरना भेटलो. पहिला प्रश्न, मुलांचं बोललात का? @पापडीचा_पाव, उत्तर द्यायला ततपप झालं नाही, तुमच्यामुळे. सूट मिळाली तर विधी होईल, पूर्ण मिस्सा नाही, कारण माझा बाप्तिस्मा नाही. तिला थोडं लागलं, मला तर उलट आईबाबांसाठी बरं वाटलं, सव्वा तास ते कशाला बसतील. भाऊ साक्षीदार चालेल म्हणाले.
गणपतीतला दाखला मात्र जूनपर्यंत शिळा होणार, परत काढायचाय. नावाचं स्पेलिंग आत्ताच बघितलं. एक एच जास्त आहे.

जुईली_वसई
एच!! आत्ताच पळ.

काजूबोंडू
जूनमधे लग्न. बघा तुम्ही.