कान्ट आणि बेंथॅम मुलांना समजवायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी अकरावी-बारावीची पोरं जमतात. सध्या नीतिशास्त्र घेतलंय. प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी तिथे शिकले, पण पोरांना ते नावही माहीत नाही! असो.

अ‍ॅरिस्टॉटल सोपा गेला. चांगलं वागण्याची सवय लावावी लागते, हे त्यांना पटलं. अडलंय कान्ट या जर्मन तत्त्वज्ञापाशी. १७८५ च्या ग्रंथात तो म्हणतो, सगळ्यांचा नियम व्हावा असं ज्याबद्दल तुम्ही म्हणू शकाल, तसंच वागा. मी उदाहरण दिलं कापसाचं. वजन वाढावं म्हणून ढिगावर पाणी मारायचं. सगळ्यांनीच मारलं तर वजनावर विश्वास कोण ठेवील? एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, म्हणजे तोटा होतो म्हणून नको. मग हा बेंथॅमच झाला ना?" (बेंथॅम म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख होईल ते बरोबर, असं परिणामांवरून ठरवणारा इंग्रज तत्त्वज्ञ.)

फरक मला कळतो: कान्टला तोट्याशी घेणं नाही, सगळ्यांनी फसवलं तर फसवणं शक्यच राहत नाही, ही विसंगती त्याला दाखवायचीय. पण पोरांच्या गळी कसं उतरवू? याहून चांगलं उदाहरण आहे का कुणाकडे?

दुसरं, गीतारहस्यातलं 'आधिभौतिक सुखवाद' (म्हणजे बाह्य सुखदुःखावरून बरं-वाईट ठरवणारं, बेंथॅमसारखं मत) हे प्रकरण वाचायला द्यायचा विचार आहे. टिळकांची भाषा त्यांना झेपेल का, की आधी आगरकरांचे निबंध द्यावेत?

जळगाव-धुळ्याकडचं तत्त्वज्ञान शिकवणारं कोणी एखाद्या रविवारी आलं तर फारच बरं. गाडीभाडं आणि भरीत-कळण्याची भाकरी आमच्याकडे.