जीआयएस परिषदेहून परतल्यावर: गाव नकाशा उपग्रहचित्रावर का बसत नाही?

शिवधुरा (सोलापूर)
जीआयएसवरील (संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या प्रणालीवरील) दोन दिवसांच्या परिषदेहून कालच सोलापूरला परतलो. बहुतेक सत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने पिके ओळखण्याविषयी होती आणि त्यांतली निम्मी मला एकसारखीच वाटली. मात्र सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दृश्य पट्ट्यांतील (डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या चित्रांतील) पिक्सेल १० मीटर लांब-रुंद असतो हे ऐकताना जाणवले की, ३३ फूट लांबी-रुंदीचा आपला गुंठा जवळजवळ तेवढाच भरतो. मग पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात मी गुंठेच मोजत बसलो. जेवणाच्या रांगेत ज्याच्या त्याच्या तोंडी जी तक्रार होती, ती व्यासपीठावर कोणी मांडली नाही. माझीही तीच आहे: उत्तर सोलापूर तालुक्यातील एका गावाचा स्कॅन केलेला जुना नकाशा यूटीएम या मीटरमधील निर्देशांक पद्धतीच्या विभाग ४३ मध्ये बसवला, तर गावठाणाजवळ तो उपग्रहचित्राशी जुळतो आणि शिवेकडे बांध पंधरा-वीस मीटर सरकतात. डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आधार) चुकला असेल का?

मोजणीदार
डेटमचा दोष दिसत नाही. एव्हरेस्ट या जुन्या डेटमवरून जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर येण्याचा प्रश्न भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटबाबत (भूरूप नकाशांबाबत) उद्भवतो. साखळीने मोजलेल्या गाव नकाशावर मुळात अक्षांश-रेखांशच नसतात. शिवाय जुना कागद आकसतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. आपण नियंत्रण बिंदू (नकाशा आणि चित्र दोन्हींवर ओळखू येणाऱ्या, जुळवणीसाठीच्या जागा) कोठे घेतले?

शिवधुरा
एकूण सहा. देऊळ आणि विहिरी स्पष्ट दिसतात म्हणून पाच गावठाणालगत घेतले, सहावा ओढ्याच्या वळणावर. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये थिन प्लेट स्प्लाइन ही जुळवणीची पद्धत निवडल्यावर त्रुटी शून्य आली, त्यामुळे निर्धास्त होतो.

भीमाकाठ
ती शून्य त्रुटीच फसवी आहे, कारण ही पद्धत नकाशा हवा तसा ताणून दिलेल्या प्रत्येक बिंदूवर बसवतेच. पहिल्या घाताची बहुपदी (सरळ रेषा सरळच ठेवणारी जुळवणीची पद्धत) वापरावी, बिंदू चारही शिवांवर पसरावेत आणि तीन-चार बिंदू जुळवणीत न घेता तपासणीसाठी राखून ठेवावेत. ओढा वगळावा. उजनीच्या फुगवट्याजवळ मी एकदा पाण्याची कड धरली होती. उन्हाळ्यातले चित्र लावले तेव्हा ती कड भलतीकडेच होती.

मोजणीदार
तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड सापडल्यास उत्तम, मात्र आपल्या काळ्या जमिनीत दगड कलतात, म्हणून एकाच दगडावर विसंबू नये. १:५००० प्रमाणाच्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघही जमिनीवर अडीच मीटर व्यापते. बांधाचा वाद असेल, तर हा जुळवलेला नकाशा शेतकऱ्यांना दाखवू नये, रीतसर मोजणीच मागवावी.