‘गेली ती गेली, पुन्हा टाइप करा’ हा सल्ला देऊ नका

रानवारा
परवा इथे एका शिक्षिकेने विचारलं होतं: बीजगणिताच्या सत्तर पानांच्या नोट्स, काम चालू असताना वीज गेली, मशीन बंद पडलं. वर्डने फाइल परत दिली, पण समीकरणांवर डबल-क्लिक केलं तर काहीच होत नाही, नुसती चित्रं उरलीत. त्यावर जुनामास्तर यांचं उत्तर: ‘गेली ती गेली. दोन रात्री बसा आणि पुन्हा टाइप करा. फाइलची चिरफाड करत बसू नका.’ खाली दहा जणांनी ‘सहमत’ लिहिलं. मला राग आला तो त्या दहा जणांचा, कारण या सल्ल्यापायी शाबूत असलेलं काम लोक आपल्या हाताने पुसतात.

आधी मूळ फाइलवर सेव्ह करू नका. रिकव्हर झालेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे आतून झिपच असते, म्हणजे अनेक फाइलींचं एक पुडकं. मूळ फाइलच्या एका कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’ आणि ‘एम्बेडिंग्ज’. मॅथटाइप या समीकरणं लिहायच्या सॉफ्टवेअरचं समीकरण दोन ठिकाणी असतं: दिसणारं चित्र मीडियात, खरा मजकूर एम्बेडिंग्जमधल्या ओएलई-ऑब्जेक्ट नावाच्या बिन फाइलीत. बिन फाइली जागेवर असतील तर समीकरण जिवंत आहे, तुटला आहे तो फक्त दुवा. मात्र सेव्ह करताना वर्ड पूर्ण पुडकं नव्याने बांधतो, आणि ज्या फाइलीकडे दुवा नाही ती त्यात घेत नाही.

बिन फाइली नसल्या तरी मीडियातली चित्रं बघा. मॅथटाइप आपल्या डब्ल्यूएमएफ प्रकारच्या चित्रातही समीकरणाचा मजकूर लपवून ठेवतं. तेच चित्र मॅथटाइपमध्ये उघडलं की समीकरण पुन्हा बदलता येतं. पीएनजी झालं असेल तर मात्र ते चित्रच.

जुनामास्तर
एकतीस वर्षं शिकवतोय. रात्री अकराला थकलेल्या बाईंना तुम्ही झिप उघडायला सांगता? एकदा तुटलेल्या फाइलीवर माझा विश्वास नाही. मला एकाने अशीच ‘वाचवलेली’ फाइल दिली होती. त्याच्या स्क्रीनवर ठीक, आमच्याकडे प्रिंट काढली तर चिन्हांच्या जागी चौकोन. पुन्हा टाइप केलं की प्रत्येक ओळ डोळ्याखालून जाते, चुका सापडतात.

रानवारा
चौकोन येतात ते मॅथटाइपचा एमटी एक्स्ट्रा हा फॉन्ट त्या मशीनवर नसतो म्हणून. फॉन्ट टाकला की चिन्हं परत येतात, फाइलीचा त्यात दोष नाही.

आणि डोळ्याखालून जाण्याबद्दल. पूर्वपरीक्षेच्या पेपरची फाइल अशीच चित्रं होऊन बसली, तेव्हा मी तुमच्याच पद्धतीने रात्री दोनपर्यंत बसून पुन्हा टाइप केली. ‘एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य’ यात वजाचा अधिक झाला. पर्यायांत दोन आणि तीन होते, खरी उत्तरं झाली वजा दोन आणि वजा तीन. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी त्या एका प्रश्नावर वीस मिनिटं अडकली, मग पुढचा भूमितीचा प्रश्न तिने सोडला. पेपर परत देताना तिने मला ते खाडाखोड केलेलं पान दाखवलं. चूक माझी होती. तरी सांगतो, झोपेने जड झालेल्या डोळ्यांखालून काहीही निसटतं.

टेकभक्त
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. लेटेक वापरा, त्यात समीकरणं साध्या अक्षरांतल्या आज्ञांनी लिहितात. स्वतःच्याच पुस्तकाची प्रुफं बघून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ वैतागले आणि १९७८ मध्ये टेक आलं, लेटेक त्यावरच उभं आहे. साधी टेक्स्ट फाइल, दुवा नाही की चित्र नाही. उलट वर्डमधल्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये २०१७ साली सुरक्षेचं भोक सापडलं आणि जानेवारी २०१८च्या अपडेटमध्ये तो काढूनच टाकला. क्रॅश न होताच लाखो समीकरणं एका रात्रीत बंद.

डीटीपीवाली
बंद नाही झाली. मॅथटाइपमध्ये ती उघडतात. नवा वर्ड तर डबल-क्लिक केल्यावर स्वतःच्या समीकरणात बदलून द्यायला तयार असतो. माहिती पुरी द्या.

आणि लेटेकचं मराठीत सांगूच नका. माझ्याकडे येणारा निम्मा मजकूर अजून श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतो. ती अक्षरं खरी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखी ओळखली जाणारी, नाहीतच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेत. कुणी सिलेक्ट ऑल करून फॉन्ट लावला की साध्या टाइप केलेल्या एक्सचंही मराठी अक्षर होतं. समीकरण ऑब्जेक्टमध्ये असतं म्हणूनच वाचतं. म्हणून मराठी माध्यमाचे शिक्षक मॅथटाइप धरून बसलेत, त्यांना अडाणी समजू नका.

टेकभक्त
अडाणी कोण म्हणालं? लेटेकच्याच झीलेटेक या प्रकारात युनिकोड मराठी उत्तम चालतं, माझा अख्खा प्रबंध त्यात आहे. तीस वर्षांवर झाली युनिकोड येऊन, श्रीलिपी सोडा ना!

डीटीपीवाली
सोडा म्हणणं सोपं आहे. छापखान्यात जुन्या पुस्तकांच्या हजारो पानांच्या फाइली पडल्यात. कन्व्हर्टरमधून काढल्या की रफार भलत्या अक्षरावर बसतो, एकेक पान मी वाचते. त्याचे पैसे कोण देणार? तुमचा प्रबंध एकट्याचा होता. माझ्याकडे लेखक, संपादक, छापणारा, तिघंही वर्डच उघडतात.

टेकभक्त
रफाराचं खरं आहे. तेवढं मान्य.

जुनामास्तर
रानवारा, तुमच्या पेपरची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही, माझ्याकडूनही असं झालेलं असणार. तरी वाचवलेली फाइल तशीच छापखान्यात पाठवाल तर मी विरोधच करेन. आधी कागदावर काढून ओळ न् ओळ ताडून बघा.

रानवारा
ताडून बघायचं, यावर वाद नाही. टाइप करायचं नाही, एवढंच म्हणतोय.

खडूफळा
मूळ प्रश्न माझा होता. सेव्ह केलं नव्हतं, नशीब. आता कॉपीचं झिप करून उघडलं. एम्बेडिंग्जमध्ये १३८ बिन फाइली आहेत. नोट्समध्ये समीकरणं १४१. उरलेली तीन मीडियात शोधतेय.