चर्चा: सहा जणांच्या ऑफिसला आयटिल कशाला?

तापीकाठ
जळगावात आमचं सहा जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. गिऱ्हाईक म्हणजे जिनिंग, दालमिल, दोन-चार पतसंस्था. पुण्याच्या मोठ्या कंपनीतून आलेला नवा भागीदार म्हणतो, आयटिल, म्हणजे आयटीची कामं कशी चालवायची त्याची मार्गदर्शक पुस्तकं, त्याप्रमाणे चालायचं: प्रत्येक बदलाला चेंज रिक्वेस्ट आणि मंगळवारी मंजुरीची बैठक. मला साफ नामंजूर. आयटिल १९८०च्या दशकाअखेर ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या खात्याने सरकारी कचेऱ्यांसाठी तयार केलं. त्यानंतर २००१ मध्ये सतरा जणांनी युटात बसून अजाइलचा, म्हणजे थोडं-थोडं करत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी भर परिषदेत सांगितलं, आम्ही दिवसाला दहाच्या वर डिप्लॉय करतो, म्हणजे नवा कोड चालू सिस्टीमवर टाकतो. त्याच वर्षी पॅट्रिक डेबॉइसने बेल्जियममध्ये गेंटला पहिलं डेव्हऑप्सडेज भरवलं; डेव्हऑप्स म्हणजे कोड लिहिणारे आणि सिस्टीम चालवणारे यांनी एकत्र काम करणं. जग तिकडे गेलं, आणि आम्ही मंगळवारची वाट बघत बसायचं?

भुसावळ_जंक्शन
भाऊ, जिनिंगवाल्यांची नावं घेतलीच आहेत तर ऐका. आमच्याकडच्या एका जिनिंगवर ऐन सीझनमध्ये, दिवसाढवळ्या, काट्याचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, खाली करून पुन्हा रिकामी तोलतात, आणि वजाबाकी होऊन पावती निघते. अपडेटनंतर रिकाम्या गाडीचं वजन शून्य धरायला लागलं. पावत्या निघतच होत्या, एरर काही नाही! एका शेतकऱ्यानेच पावती बघून विचारलं, "मनी गाडीबी इकी टाकी का?" तोवर बाहेर पिकअपची रांग रस्त्यापर्यंत. एका माणसाने तरी "आज नको, रात्री टाक" म्हणायला हवं होतं की नाही? मंजुरी म्हणजे दुसरं काय असतं?

तापीकाठ
रात्री टाकलं असतं तर तीच चूक सकाळी दिसली असती. तिथे टेस्ट नव्हती. भरलेली आणि रिकामी, दोन वजनं देऊन उत्तर तपासायला चार ओळी पुरतात. बैठकीतल्या कुणाला ती चूक दिसली असती, सांगा बरं?

ऑनकॉल_अक्का
तापीकाठदादा, मुद्दा बरोबर, पण "टेस्ट असती तर" हे नंतर सगळेच म्हणतात. नाइट कॅपिटलचं बघा. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर दलाली कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातवर पडला. आठव्यावर जुना कोड तसाच राहिला, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग (चालू-बंदची खूण) वापरला त्यानेच तो जुना कोड जागा केला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर फटका. दुसऱ्या कुणी सर्व्हर मोजून सही केली असती तर वाचले असते.

कोडवाला_धुळे
अक्का, हे तर उलट आमच्या बाजूचं उदाहरण झालं! आठ सर्व्हरवर माणूस हाताने कोड टाकतो म्हणून आठवा राहतो. पाइपलाइन, म्हणजे कोड आपोआप तपासून टाकणारी यंत्रणा, आठही ठिकाणी टाकते, नाहीतर तांबडी होऊन थांबते. आणि सहीचं म्हणाल, तर निकोल फोर्सग्रेन यांच्या २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात हेच तपासलं होतं. टीमबाहेरच्या मंजुरीने वेग घटतो, बिघाडाचं प्रमाण मात्र कमी होत नाही.

भुसावळ_जंक्शन
तुमची पाइपलाइन घ्या आणि १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं अपडेट आपोआपच गेलं होतं, कुणी पेनड्राइव्ह घेऊन फिरत नव्हतं. सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळे पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. पाइपलाइनने चूक जगभर पोचवली, तीही वेळेवर.

कोडवाला_धुळे
तिथे सगळ्यांना एकदम दिलं म्हणून. आधी थोड्यांना, मग बाकीच्यांना, हा धडा डेव्हऑप्सवालेच कधीचे सांगत आहेत.

साक्रीकर
दोन्हीकडची मंडळी मूळ न वाचता भांडताय भो. वॉटरफॉलचा, म्हणजे एक टप्पा संपला की पुढचा या पद्धतीचा, बाप म्हणून रॉइसचं नाव घेतात, पण १९७०च्या लेखात त्यानेच लिहिलंय की हे असं सरळ खाली उतरणं धोक्याचं. आयटिलचंही तेच. "स्टँडर्ड चेंज" म्हणजे नेहमीचा, कमी जोखमीचा, आधीच मंजूर बदल. त्याला बैठक लागतच नाही. २०१९च्या आयटिल ४ मध्ये तर अजाइल, डेव्हऑप्सशी जुळवून घ्यायचीच भाषा आहे. मंगळवारची बैठक पुस्तकातून कमी आणि भागीदाराच्या जुन्या मॅनेजरकडून जास्त आली असणार. (सर्टिफिकेटच्या फीबद्दल बोलत नाही, ते वेगळंच दुकान आहे.)

ऑनकॉल_अक्का
साक्रीकर, हे कागदावर. कुठला बदल "नेहमीचा" ते ठरवणार कोण? पतसंस्थेच्या व्याजाच्या सूत्रातला एक आकडा बदलणं डेव्हलपरला नेहमीचंच वाटतं. ठेवीदाराला नाही वाटत. रात्री फोन मला येतो, म्हणून विचारते.

तापीकाठ
अक्का, व्याजाचं मान्य. पैशाच्या हिशोबाला हात लागला की दुसऱ्याने कोड बघितल्याशिवाय मुख्य कोडात मर्ज नाही, हे आज रात्रीच लावतो. पण बघणारा त्याच दिवशी बघेल, मंगळवारी नाही.

भुसावळ_जंक्शन
आणि सीझन? गुगलचे एसआरईवाले (सिस्टीम चालू ठेवणारे इंजिनिअर) एरर बजेट मांडतात, म्हणजे किती बिघाड चालेल ते आधीच ठरवतात. ९९.९ टक्के चालू ठेवायचं म्हटलं तर तीस दिवसांत बंद राहायला जेमतेम ४३ मिनिटं मिळतात. जिनिंगला ती मे महिन्यात गेली तरी चालतील, दिवाळीनंतर पाच मिनिटंही नकोत. तेव्हा रिलीज बंदच ठेवा.

कोडवाला_धुळे
बंद ठेवलं की साचतं, आणि साचलेलं एकदम टाकलं की फुटतं. सीझनमध्येही लहान-लहान टाका, फक्त आधी एकाच जिनिंगच्या काट्यावर.

भुसावळ_जंक्शन
तो एक जिनिंगवाला कोण, ते त्याला विचारून ठरवणार की न विचारता?

तापीकाठ
विचारून. वर्षाच्या देखभालीत सूट देऊन. एक जण तयार होईल, त्याच्याकडे दुसरा काटा आहे.