मदत हवी आहे: जुना प्लॅन नाही, त्याच मानेला पुन्हा रेडिएशन द्यावं का?

गालाच्या कर्करोगाचा रुग्ण. ऑपरेशननंतर कोबाल्ट मशीनवर ६० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), ३० फ्रॅक्शन (हप्ते). अडीच वर्षांनी त्याच बाजूला मानेत ४ सेंमीची गाठ, बायॉप्सीत कर्करोगच. गाठीने कॅरोटिडला (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) १८० अंशांहून जास्त वेढलंय, त्यामुळे सर्जनचा नकार. त्वचा शाबूत आहे, छातीचा सीटी स्वच्छ.

हातात फक्त जुनं कार्ड: समोरासमोरची फील्ड्स (दोन विरुद्ध बाजूंनी किरण), ४४ ग्रेनंतर मज्जारज्जू वगळलेला. म्हणून त्याला पूर्ण ४४ मिळाले असं धरलंय. अल्फा-बीटा (ऊती फ्रॅक्शनच्या आकाराला किती संवेदनशील, तो आकडा) २ ने बीईडी (फ्रॅक्शनचा आकार धरून काढलेली जैविक मात्रा) ८८. नव्या आयएमआरटी प्लॅनमध्ये (किरणांची तीव्रता जागेनुसार बदलून गाठीपुरती मात्रा देणारं तंत्र) मज्जारज्जू १२ ग्रेच्या आत राहतो, तेव्हा खरी भीती त्याची नाही, कॅरोटिड फुटण्याची आहे.

विचार असा: दिसणाऱ्या गाठीभोवती ५ मिमी, बाकी मान सोडायची, ६० ग्रे ३० फ्रॅक्शनमध्ये. रोजचं सीबीसीटी (उपचाराच्या मशीनवरच जागा तपासायचं सीटी) शक्य नाही, आठवड्याला एक पोर्टल इमेज (उपचाराच्या किरणांनीच घेतलेलं साधं चित्र). अशा वेळी पीटीव्हीला (रुग्णाची जागा रोज थोडी हलते म्हणून धरलेला वाढीव भाग) ५ मिमी पुरतात का? पहिल्या आठवड्यात रोज इमेज घेऊन सरासरी चूक दुरुस्त करणं कुणाकडे चालतं?

की एवढ्या वेढ्यात रेडिएशन टाळून तोंडी मेथोट्रेक्झेट-सेलेकॉक्सिब ही औषधंच बरी? नातेवाइकांना रक्तस्रावाचा धोका स्पष्ट सांगायचा आहे, म्हणून प्रत्यक्ष अनुभव हवेत.